मिलच्या रबराचे आठ बुश

वच्छलाबाईंची गाडी तपासणीत नापास झाली असती तर धनराजला काय मिळालं असतं, ते आधी मांडून घेऊ. म्हणजे पुढे कोणाला वाटायला नको की तो वाईट माणूस होता. वाईट नव्हता. त्याला फक्त मोजता येत होतं.

सगळ्यात आधी शेड. आरमोरीच्या बाहेर, कुरखेड्याच्या रस्त्याला धनराजची राइस मिल आहे. मिल आणि रस्ता यांच्या मधोमध वच्छलाबाईंचं गाडी ठेवायचं टिनाचं शेड. धानाचा ट्रक आत घ्यायचा तर ड्रायव्हरला तीनदा पुढे-मागे करावं लागतं, आणि तिसऱ्या वेळी तो ज्या शिव्या देतो त्या देतो शेडला, पण ऐकाव्या लागतात धनराजला. वच्छलाबाई त्याच्या सख्ख्या काकू; काका वारले तेव्हा तेरवीची पंगत उठल्याबरोबर त्यानं शेडचा विषय काढला होता. वच्छलाबाई चार पाहुण्यांसमोर म्हणाल्या होत्या, "गाडी चालते तोवर शेड माहं. गाडी कायमची बसली का शेड तुहं." बाईंना वाटलं, विषय मिटला. धनराजला वाटलं, विषय सुरू झाला.

शिवाय गाडी गेली की काकूला बाजारापासून दवाखान्यापर्यंत कुठंही जायला धनराजची पांढरी गाडी मागावी लागणार. ड्रायव्हर धनराजचा, डिझेल धनराजचं, म्हणजे निघायचं कधी आणि परतायचं कधी तेही धनराजचंच. वरून गावात नाव होणार की पोरानं काकूला किती सांभाळलं. एवढं सगळं पदरात पडणार, आणि त्यासाठी करायचं काय? काही नाही. गाडी सत्त्याऐंशी सालची पद्मिनी. नुसतं थांबायचं.

ही पद्मिनी वच्छलाबाईंनी ब्रह्मपुरीच्या एका डॉक्टरकडून जुनीच घेतली होती. तेव्हा त्या कुरखेड्याकडच्या उपकेंद्रात नर्स होत्या. त्यांचे यजमान शाळामास्तर. त्यांना गाडी कधी आली नाही. ते शेजारी बसून मांडीवर औषधाची पेटी धरायचे आणि रस्त्यात भेटेल त्याला खिडकीतून नमस्कार करायचे. लोक म्हणत, मास्तरची गाडी बाई चालवते. मास्तर म्हणत, गाडी बाईचीच आहे, मी सामान आहे. आता मास्तर नाहीत, नोकरी नाही, वय एकाहत्तर. गाडी मात्र आहे, आणि तिच्यात बसून बाई वाटेल तेव्हा वाटेल तिकडे जातात.

दर पाच वर्षांनी अशा जुन्या गाडीची नोंदणी पुढे वाढवून घ्यावी लागते. बाई गडचिरोलीला गेल्या. तपासणीच्या साहेबांनी पुढची बाजू जॅकवर घेतली, चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं. चाक हललं, आणि हलताना खडखडलंही.

"बाई, बुश पार गेलेत," साहेब म्हणाले. "नवे बसवून महिन्याभरात आणा. ही तारीख. तेव्हा चाक असंच हाललं, तर मला लिहावं लागेल की गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी नाही."

बुश म्हणजे काय, ते बाई पेशंटला समजावत तसं सांगायचं तर गुडघ्यातली गादी. चाक ज्या लोखंडी आर्मला धरून असतं, तो आर्म गाडीच्या अंगाला जिथे जोडलेला असतो तिथे एक नळी, तिच्या आत दुसरी नळी, आणि दोन्हींच्या मध्ये रबर. ते रबर झिजलं की हाडावर हाड. पद्मिनीला पुढे असे आठ.

आठ बुश सापडायला तीन आठवडे गेले. नागपूरच्या एका जुन्या दुकानदाराला माळ्यावर शेवटचा संच मिळाला, तो त्यानं एसटीच्या पार्सलनं पाठवला. गुरुवारी पुडकं आलं. बसवणारे होते ब्रह्मपुरीचे नूर मोहम्मद, ते पुतणीच्या निकाहाला चंद्रपूरला. सोमवारी भेटणार होते. तपासणी पुढच्या गुरुवारी. दिवस पुरेसे होते. बाईंनी पुडकं छपरीतल्या फळीवर ठेवलं.

त्या संध्याकाळी धनराज चहाला आला. पुडक्याकडे पाहून त्यानं मान हलवली.

"काकू, अजून किती वर्षं ओढान हे? आता आराम करा ना."

"आरामच आहे. बसून चालवते, उभी राहून थोडीच चालवते?"

"मस्करी नका करू जी. तुमाले कुठी जायचं राह्यलं तर मले एक फोन करा. ड्रायव्हर उभा करतो."

"म्हणजे कुठी जायचं ते तुले सांगावं लागन."

"मंग सांगायले काय झालं?"

"तीस वर्षं सरकारले सांगितलं, धनराज. फिरतीची डायरी लिहू लिहू. कुठी गेली, काऊन गेली, किती वाजता आली. आता नाई सांगत कोणाले."

धनराज हसला, चहा पिऊन उठला. जाताना शेडच्या लांबीकडे त्यानं एकदा नजर टाकली. ती त्याची सवय होती; देवळापुढून जाताना हात जोडावेत तशी.

सोमवारी सकाळी बाई निघाल्या, तेव्हा शेजारचे सोमाजी सोबत निघाले. सोमाजी पंच्याहत्तरीचे. जवानीत शंकरपटात बैल पळवायचे, त्यांच्या जोडीची नावं अजून आरमोरीत लोकांना पाठ आहेत. बुशचं पुडकं सांभाळायची जबाबदारी त्यांनी स्वतःहून घेतली होती, आणि गुरुवारी रात्रीच ते आपल्या घरी नेलं होतं. फक्त आज ते पुडकं नव्हतं. मांडीवर तेलाचा जुना डबा होता, वर फडकं बांधलेलं, आणि सोमाजींच्या चेहऱ्यावर बक्षीस जाहीर व्हायच्या आधीचं हसू.

"डब्यात काय आहे, सोमाजीभाऊ?"

"तुमचंच सामान हाय बाई. पाह्यसान तं खूश होसान."

वैनगंगेचा पूल ओलांडून गाडी ब्रह्मपुरीत नूर मोहम्मदच्या गॅरेजात लागली. नूर मोहम्मद सदुसष्ट वर्षांचे, बारीक, मेहंदीनं लाल झालेली दाढी. त्यांच्या गॅरेजाला लागून लेथचं दुकान, ते त्यांची मुलगी तहसीन चालवते. नवीन गिऱ्हाईक आलं की तहसीनला विचारतं, कारागीर कुठी आहे? ती म्हणते, समोर आहे, बोला. गिऱ्हाईक मागे वळून पाहतं.

नूर मोहम्मदचा एक नियम होता. नवं सामान डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जुनं उघडायचं नाही. त्यांनी हात पुढे केला. सोमाजींनी फडकं सोडलं आणि डबा असा दिला, जणू आत तूप आहे.

नूर मोहम्मदनी बोटांनी एक बुश बाहेर काढला. काळं, घट्ट तेल थेंबाथेंबानं गळलं. नळ्यांच्या मधलं रबर दोन्हीकडून बाहेर आलं होतं, आंबवलेलं पीठ फुगावं तसं. अंगठ्यानं दाबलं तर अंगठा आत गेला.

"या अल्ला," ते हळूच म्हणाले. "ये किसने किया?"

"मी," सोमाजी म्हणाले. हसू अजून तिथेच होतं. "कोरडंठाक रबर होतं जी. बैलगाडीचा आख कोनी तेलाच्या ओंगणाबिगर जुपते का? मोहाच्या बियांचं, टोळीचं तेल घेतलं, त्यात इंजिनचं काळं ऑइल टाकलं, आन् चार दिवस मुरू देल्लं. आता पाहा कशी लोन्यासारखी चालते का नाई गाडी."

तहसीन लेथ बंद करून आली, तिनं डब्यात पाहिलं आणि बापाकडे पाहिलं. सोमाजींचं हसू मग एकेका चेहऱ्यावरून फिरत गेलं आणि शेवटी कुठं ठेवावं ते त्यांना कळेना.

"सोमाजीभाऊ," नूर मोहम्मद म्हणाले, "आख लोखंडाचा राह्यते. लोखंडाले तेल पाह्यजे. रबराले तेल म्हंजे जहर आहे. फुगते, मंग गळून जाते. हे आता सायकलीलेबी लावता येत नाई."

"मंग?"

"मंग काही नाई."

बाईंनी नागपूरला फोन लावला. तो संच शेवटचा होता; पुढचा मिळाला तर महिन्यानं, नाहीतर नाही. सोमाजी भिंतीला टेकून उकिडवे बसले होते. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती.

"चुकी झाली ना बाई माह्यानं."

"झाली," बाई म्हणाल्या. खोटं बोलून धीर द्यायची त्यांना सवय नव्हती. "पण मले एक सांगा, टोळीचं तेल तं तुमच्या घरचं. काळं ऑइल कुठून आणलं?"

"मिलमंधून. धनराजबापूनंच देल्लं. मी म्हनलं, काकूचे बुश मुरत घालायचे हायत. ते म्हनले, घाला ना भाऊ, चांगलं बुडवून ठेवा. डबाबी त्यायनंच देल्ला."

इथे हिशेब समजून घ्यायला हवा. राइस मिलमध्ये धान सोलतात ते रबराच्या दोन रोलरमध्ये. धनराजच्या मिलमध्ये त्या रोलरच्या वर, भिंतीवर, हातभर अक्षरांत लिहिलेलं आहे: रबराजवळ तेल आणू नये. ते धनराजनं स्वतः उभं राहून लिहून घेतलं होतं, कारण एकदा तेल सांडून दोन रोलर फुगले होते आणि दोन दिवस मिल बंद होती. म्हणजे आरमोरी तालुक्यात तेलानं रबराचं काय होतं हे पक्कं माहीत असलेला एक माणूस काढायचा, तर तो धनराज. त्यानं वाईट काय केलं? काहीच नाही. मागितलं ते दिलं.

"रोलर," तहसीन मध्येच म्हणाली. बाईंच्या मनात काय चाललंय ते तिला माहीत नव्हतं. ती आपल्या विचारानं तिथं पोचली होती. "अब्बा, मिलच्या रोलरचं रबर पाह्यलं ना तुमी? दगडासारखं राह्यते. घासला तरी दोन बोटं रबर उरते त्यावर. मी लेथवर उतरवते. नळ्या याच ठेवू, ह्याच्यातलं सडकं रबर काढून नवं भरू."

"लई कडक होईन, बेटा. गाडी उसळन."

"उसळू दे," बाई म्हणाल्या. "हालन का?"

"हालनार नाई," नूर मोहम्मद म्हणाले. "पन बाई, कंबर तुमची आहे."

"कंबर माहीच आहे. त्यासाठीच तं चाललं हे सगळं. चला, सोमाजीभाऊ, उठा. टोपी घाला."

दुपारी मिलवर गर्दी होती. पंधरा-वीस शेतकरी पोत्यांवर बसून आपला नंबर यायची वाट पाहत होते. धनराज काट्याजवळ खुर्ची टाकून बसलेला. बाईंनी गाडी सरळ आत घेतली. बरोबर काट्यापुढे.

"काकू! उन्हाच्या काऊन आल्या? फोन करायचा ना."

"धनराज, एक सांग मले. रबराले तेल लागलं तर काय होते?"

धनराजनं काट्यावरच्या पोत्याला हात लावून ते सरळ केलं. पण मशीनवरच्या बिरजूला वाटलं, बाईंना खरंच माहिती हवी आहे. तो वरूनच ओरडला, "फुगते जी बाई! रोलरजवळ तेलाचा डबा दिसला का मालक आमच्या आईमाईवर येतात!"

पोत्यांवरची मंडळी हसली. धनराज हसला नाही.

"तुले माहीत होतं ना?" बाई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. प्रसूतीच्या खोलीत दाराशी गर्दी करणाऱ्यांशी बोलत तसाच, सपाट. "मंग सोमाजीभाऊले डबा कोणं दिला? चांगलं बुडवून ठेवा, असं कोण म्हणलं?"

आता कोणीच हसेना.

"काकू, मले वाटलं, भाऊ सांगून राह्यले तं..."

"तुले काय वाटलं ते मी विचारतच नाई. तुले जे वाटलं ते तुह्याजवळ ठेव. मले एक घासलेला रोलर पाह्यजे."

"रोलर?" धनराजला श्वास घ्यायला जागा मिळाली. "जुने रोलर कंपनीले मोजून वापस द्यावे लागते जी. नाई तं देल्ले असते. तुमच्यासाठी मी काय बी केलं असतं, हे गावाले माहीत आहे."

"हो ना," बाई म्हणाल्या. "गावाले माहीत आहे. गाव इथंच बसलं आहे."

पोत्यांवरचा एक म्हातारा शेतकरी खाकरला. "देऊन टाका ना बापू. माह्या तिन्ही पोरायची नाळ बाईनं कापली. पावसात नाला उतरून आल्ती. रोलरची काय एवढी गोठ?"

"देऊन टाका जी," दुसरा म्हणाला. मग तिसरा. धान काट्यावर चढायच्या आधी मालकाला चार शब्द ऐकवायची संधी शेतकऱ्याला रोज येत नाही. त्यांनी ती वाया घालवली नाही.

धनराजनं बिरजूला मानेनं खूण केली. बिरजूनं मिलमागच्या ढिगातून रोलर उचलून आणला आणि, मालकाचं नुकसान होतंय तर नीट व्हावं म्हणून, दोन आणले. बाईंनी दुसरा परत केला.

"एकच म्हणलं मी. उद्या कोणी म्हणायले नको."

मंगळवारभर तहसीन त्या रबराशी भांडली. ते लोखंडाच्या पाईपला असं चिकटलेलं की पातीनं सोडवताना दोन पात्या गेल्या. तेल लावायची सोय नव्हती, साबणाचं पाणी धरायचं आणि हळूहळू कापायचं. घाई केली की रबर जळून धूर निघायचा आणि शेजारचा टेलर भिंतीपलीकडून विचारायचा, टायर जाळून राह्यले का? सोमाजी सकाळच्या पहिल्या एसटीनं आले होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. ते साबणाच्या पाण्याचा मग घेऊन लेथपाशी उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत थेंब थेंब सोडत राहिले. जेवले नाहीत. तहसीननं डबा पुढे केला तर म्हणाले, "माहा उपास हाय आज." मंगळवारचा असेल असं समजून तिनं सोडून दिलं.

आठ बुशांचं रबर तयार झालं. नूर मोहम्मदनी ते वाइसच्या शिकंज्यात धरून एकेका बुशच्या नळ्यांत दाबलं, पाचव्याला अंगठा सापडला, तो त्यांनी तोंडात धरला आणि सहावा दुसऱ्या हातानं बसवला.

बुधवारी दुपारपर्यंत आर्म जागेवर चढले होते, नट हातानं फिरवून ठेवले होते, आणि तेवढ्यात पांढरी गाडी येऊन दाराशी थांबली. धनराज उतरला. हातात संत्र्यांची पिशवी.

"काकू, दोन गोष्टी बोलायच्या होत्या."

"थांबा, धनराजभाऊ," नूर मोहम्मद गाडीखालच्या खड्ड्यातून म्हणाले. "बोलायचंच आहे तं आत बसून बोला. मले वजन पाह्यजे."

"वजन?"

"बुशचे नट गाडी जॅकवर असताना कसले का रबर लटकलेल्या जागी पकडल्या जाते. मंग चाकं टेकली का ते जल्मभर पिळलेलं राह्यते. सहा महिन्यात फाटते. आजकालचे पोरं जॅकवरच कसतात, गिऱ्हाईक पुन्हा येते, धंदा चालते. मी नाई कसत. चाकं जमिनीवर, माणसं आत, मंगच पाना. मी धानाचे पोते भरनार होतो, पन तुमी आले. तुमच्यासारखा माल बाजारात नाई."

तहसीननं तोंड वळवलं. धनराज सव्वाशे किलोला टेकला होता. त्यानं बाईंकडे पाहिलं. बाई आधीच स्टेअरिंगवर बसलेल्या, मागे सोमाजी एका पोत्याशेजारी. शेजारचं दार उघडं होतं. मास्तरांची जागा. धनराज बसला. गाडी त्याच्या बाजूनं वाकली आणि खालून नूर मोहम्मदचा आवाज आला, "वा! आता हालू नका."

आता धनराज न हलता बोलू लागला.

"काकू, झालं ते झालं. मी विचार केला. मी तुमाले नवीन गाडी घेऊन देतो. छोटी. गिअरची कटकट नाई, एसी आहे. ही म्हातारी काऊन ओढता? फक्त शेड तेवढं मोकळं करून द्या."

"नवीन गाडी कोणाच्या नावावर राहीन?"

"आता तुमच्या वयाले कर्जबिर्ज कोन देईन? माह्या नावावर घेईन. पण वापरायची तुमीच."

"किल्ली?"

"किल्ली... एक तुमच्याकडं, एक माह्याकडं."

"डिझेल?"

"पेट्रोल आहे जी. ते मी पाहीन ना. तुमी फक्त सांगायचं, कुठी..." धनराज थांबला. वाक्य कुठे चाललंय ते त्याला उशिरा दिसलं.

खाली पाना फिरत होता. कर्र, कर्र, आणि मग नट बसल्याचा ठोका.

"धनराज," बाई समोर काचेतून पाहत म्हणाल्या, "तू लहान होता तेव्हा या गाडीत याच जागी बसून उलटी केली होती तू. मास्तरनं धुतली. मी तुले कधी परकं मानलं नाई. शेड पाह्यजे होतं तं मागायचं. मी भांडली असती, शिव्या दिल्या असत्या, कदाचित अर्धं दिलं बी असतं. तू एका म्हाताऱ्या माणसाच्या हातानं माहे पाय बांधून राह्यला होता, आन् त्याले वाटत होतं का तो माही सेवा करून राह्यला. आता शेडचा एक टिन बी भेटत नाई तुले. मी चालवीन तोवर नाई. आन् मी किती दिवस चालवीन ते तुले सांगनार नाई."

मागून सोमाजी नाक ओढत होते. धनराज घामाघूम झाला होता. उठता येत नव्हतं, अजून दोन नट बाकी होते.

"डावीकडं थोडं सरका, भाऊ," खालून आवाज आला. "बस, बस. असेच राहा. मोठं काम करून राह्यले तुमी."

तो सगळं कसून होईपर्यंत बसला. उतरताना संत्र्याची पिशवी सीटवरच राहिली. तहसीननं ती धावत नेऊन त्याच्या गाडीत ठेवली.

गुरुवारी गडचिरोलीला साहेबांनी पुन्हा जॅक लावला, चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं. चाकाबरोबर अख्खी गाडी हलली, चाक एकटं हललं नाही. मग साहेब स्वतः चालवायला बसले. कचेरीमागच्या खडीच्या रस्त्यावर एक चक्कर मारून आले तेव्हा टोपी वाकडी झाली होती.

"बाई, काय घातलंय हिच्यात?"

"धान सोलायच्या मिलचं रबर." लपवायचं बाईंच्या मनातही आलं नाही.

साहेब खाली वाकले, टॉर्च मारून आठही जागा पाहिल्या, एकेक नटाला हात लावला. "कोणी बसवले?"

"ब्रह्मपुरीचे नूर मोहम्मद. आन् त्यांची मुलगी तहसीन."

"काम पक्कं आहे. पण मणके ढिले होतील हो तुमचे."

"मणक्यांची तपासणी तुमच्याकडं नसते ना?"

साहेबांनी ब्रेक पाहिले, दिवे पाहिले, हॉर्न वाजवून पाहिला आणि सही केली. पाच वर्षं.

आता कोणी काय भरलं ते पाहू.

नूर मोहम्मदचं उजव्या अंगठ्याचं नख गेलं. तहसीनच्या लेथच्या दोन पात्या गेल्या, आणि त्या आठवड्यात तीन पंपांचे शाफ्ट थांबले म्हणून तिनं तीन शेतकऱ्यांची बोलणी खाल्ली. सोमाजी गडचिरोलीपर्यंत आणि परत मागच्या सीटवर उसळत गेले, एकदाही हूं की चूं केलं नाही, आणि घरी जाऊन दोन दिवस पालथे झोपले. धनराजचा एक रोलर गेला, एक दिवस गेला, आणि त्याचे ट्रक अजून तीनदाच पुढे-मागे करतात. त्याशिवाय मिलवर आता धान मोजताना कोणीतरी हमखास विचारतं, बापू, काटा बरोबर आहे ना, तेलबिल नाई ना लागलं? तो पुढचं पोतं चढवायला सांगतो.

वच्छलाबाईंच्या पर्समध्ये एक चिठ्ठी असते. एकट्या फिरणाऱ्या बाईनं अशी ठेवावी, असं त्या गावोगाव सांगत आल्या: वाटेत काही झालं तर कोणाला कळवायचं. तिच्यावर इतकी वर्षं धनराजचाच नंबर होता. गडचिरोलीहून आल्यावर त्यांनी तो खोडला. दुसऱ्या दिवशी त्या कुरखेड्याकडे गेल्या, कोणाला न सांगता. कमरेला पट्टा बांधून. चिठ्ठीवरची जागा रिकामी आहे. शेड राहिलं, गाडी राहिली, एक पुतण्या होता तो गेला. ही रक्कम बाईंनी एकट्यांनी भरली, आणि एकदाच भरली.